पहिला टोला आणि मन

गॉल्फ हा खेळ आपल्याकडे अजून थोड्यांचाच आहे. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गॉल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब अशी त्याची ख्याति आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गॉल्फ क्लब १९२७ सालीं निघाला. नाशिकला तर ‘गॉल्फ क्लबचें मैदान’ हें नांव शाळकरी मुलांच्याहि तोंडीं असतें. मात्र त्या मैदानावर लोक जमतात ते क्रिकेट पाहावयास, गॉल्फ पाहावयास नव्हे. ज्या खेळाला विस्तीर्ण हिरवळ, पुष्कळ पाणी आणि भरपूर पैसा लागतो, तो आपल्या वाड्यांच्या आणि चाळींच्या अंगणांत रुजला नाहीं, यांत नवल कांहींच नाहीं. तरी या खेळांतील एका क्षणाचा विचार प्रत्येक सुशिक्षित घरांत व्हावा, इतका तो उद्बोधक आहे. तो क्षण म्हणजे ‘ड्रायव्हर’ नांवाची काठी हातीं घेऊन खेळाडूनें पहिला टोला मारण्याचा क्षण. हाताला जें येतें, शंभर वेळां ज्याची प्रचीति आलेली असते, तें ऐन वेळीं हात विसरतो तो कां? तो विसरूं नये म्हणून मनानें काय करावें, किंबहुना काय करूं नये? प्रश्न गॉल्फचा आहे. पण परीक्षेला बसलेला विद्यार्थी, सभेपुढें उभा राहिलेला वक्ता आणि तंबोऱ्यांच्या मध्यें बसून पहिला षड्ज लावणारा गवई यांनाहि तो परका नाहीं.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. मैदानांत अठरा ठिकाणीं सव्वाचार इंच व्यासाचा एकेक खळगा केलेला असतो. गोट्यांच्या खेळांतील गलीचा तो थोरला भाऊ म्हणावा. ठरलेल्या जागेवरून चेंडू टोलवीत टोलवीत त्या खळग्यांत घालावयाचा, आणि ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो विजयी. चेंडूचें वजन १.६२ औंसांहून अधिक असूं नये व व्यास १.६८ इंचांहून कमी असूं नये, असा नियम आहे. खेळाडूला चौदापर्यंत काठ्या बाळगतां येतात. त्यांतील सर्वांत लांब काठी ती ड्रायव्हर. मोटार हांकणाऱ्या इसमाशीं तिचा नांवापुरताच संबंध. तिचा दांडा सुमारें ४५ इंचांचा असतो. तिचें डोकें एके काळीं पर्सिमन नांवाच्या झाडाच्या लांकडाचें असे. आतां तें पोकळ व बहुधा टिटॅनियम धातूचें असतें, आणि त्याचें आकारमान ४६० घन सेंटिमीटरांपर्यंत असूं शकतें. पहिल्या टोल्यासाठीं चेंडू ‘टी’ नांवाच्या लहानशा खुंटीवर ठेवतां येतो. म्हणजे चेंडू स्थिर आहे, जागा सपाट आहे, घाई नाहीं, समोर गोलंदाज नाहीं, प्रतिस्पर्धी अडवावयास येत नाहीं. इतकी अनुकूलता असलेला फटका खेळांच्या जगांत दुसरा सांपडणें कठीण. आणि तरीहि भल्याभल्यांचे पाय लटपटतात ते याच फटक्याच्या वेळीं.

याचें एक कारण भूमितीचें आहे. समजा, चेंडू २५० यार्ड जावयाचा आहे आणि तो एका अंशानें तिरपा निघाला. तेवढ्यानें तो शेवटीं सुमारें साडेचार यार्ड बाजूस पडेल. पांच अंशांनीं तिरपा निघाला तर जवळ जवळ बावीस यार्ड. कापलेल्या गवताचा पट्टा कित्येक ठिकाणीं तीस यार्डांचाच असतो. म्हणजे मध्यापासून पंधरा यार्ड सरकलें कीं उंच गवत, वाळूचे खड्डे, झाडी किंवा पाणी यांचें राज्य सुरू होतें. शिवाय चेंडू तिरपा निघून सरळच जातो असें नाहीं. त्याला फिरकी मिळाली तर तो हवेंत आणखी वळतो. आंखूड आणि अधिक कलत्या तोंडाच्या काठीनें मारलेल्या चेंडूला मागची फिरकी पुष्कळ मिळते व त्यामुळें त्याचें वळणें आटोक्यांत राहतें. ड्रायव्हरचें तोंड जवळ जवळ उभें, त्यामुळें लहानसा दोषहि तो मोठा करून दाखवितो. चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक टोला दंड, आणि पुन्हां त्याच जागेवरून, त्याच लोकांच्या डोळ्यांदेखत, मारणें प्राप्त.

दुसरें कारण काळाचें आहे, आणि मनाच्या दृष्टीनें तेंच अधिक महत्त्वाचें. काठी मागें नेण्यास कसलेल्या खेळाडूला सुमारें पाऊण सेकंद लागतो, खालीं आणण्यास सुमारें पाव सेकंद. त्या पाव सेकंदांत काठीचें डोकें ताशीं १८० किलोमीटरांच्या आसपास वेग घेतें. चेंडूशीं त्याचा स्पर्श टिकतो तो सेकंदाचा दोन-हजारांश भाग, फार तर त्याच्या आसपास. आतां मनुष्याच्या मज्जातंतूंची गति पाहावी. दिवा लागलेला दिसला कीं बटण दाबावयाचें, इतक्या साध्या कामालाहि माणसाला सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. अर्थात् काठी खालीं येऊं लागल्यावर ‘चुकलें, सांवरूं या’ असा विचार मनांत उभा राहून तो हातापर्यंत पोहोंचेतों चेंडू निघून गेलेला असतो. टोला चालू असतांना तो सुधारण्याचा अधिकार निसर्गानें माणसाला दिलेलाच नाहीं. पण मनाला हें पटत नाहीं. तें शेवटच्या घटकेपर्यंत लगाम हातांत ठेवूं पाहतें, आणि त्या ओढाताणींत जी क्रिया आपल्या वेगानें सुरळीत झाली असती ती बिघडते. तेव्हां ड्रायव्हर चांगला मारण्याचें पहिलें मर्म हेंच, कीं मनाचें सर्व काम काठी हलण्यापूर्वीं आटोपलें पाहिजे. विचार चेंडूच्या मागें उभें राहून करावा. चेंडूशेजारीं उभें राहिल्यावर करावयाचें तें केवळ मारणें.

सांगण्यास हें सोपें आहे. परंतु चेंडूशेजारीं उभा असलेला मनुष्य एकटा नसतो; त्याच्याबरोबर त्याची भीतिहि उभी असते. उजवीकडे तळें आहे असें दिसतांच तो स्वतःला बजावतो, “उजवीकडे नको.” आपल्याकडे म्हण आहे, ‘मन चिंती तें वैरी न चिंती’, तिचा प्रत्यय येथें हटकून येतो. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९९४ सालीं याविषयीं एक उपपत्ति मांडली. एकादी गोष्ट करावयाची नाहीं असें मनानें ठरविलें म्हणजे, ती होत तर नाहीं ना, हें पाहण्यासाठीं मनाचा एक भाग त्याच गोष्टीवर पहारा ठेवतो. मन निवांत असेल तर हा पहारा उपयोगी पडतो. पण मनावर दुसरा भार असेल, घाई असेल, काळजी असेल, तर पहारेकरीच चोराला आंत घेतो! वेग्नर व त्याचे सहकारी यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना गॉल्फचा चेंडू जवळच्या खुणेकडे हळूच ढकलण्यास सांगितलें, आणि खुणेच्या पलीकडे तो जाऊं देऊं नका अशी ताकीद दिली. त्याच वेळीं ज्यांना सहा आंकडी संख्या मनांत धरून ठेवावयास लाविलें होतें, त्यांचे चेंडू खुणेच्या नेमके पलीकडे अधिक गेले. ताकीद जितकी कडक, तितकी चूक जवळ.

भीतीचें काम एवढ्यावरच थांबत नाहीं. ती शरीरांत उतरते. खेळाडू मूठ घट्ट आवळतो. मूठ आवळली कीं कोपरापर्यंतचे स्नायू ताठतात, मनगटें मोकळीं फिरत नाहींत, आणि काठीचें तोंड वेळेवर सरळ होत नाहीं. उजव्या हातानें खेळणाऱ्याचा चेंडू मग उजवीकडे वळूं लागतो. तो वळतो म्हणून खेळाडू अधिक डावीकडे तोंड करून उभा राहतो व काठी बाहेरून आंत ओढतो. त्यानें फिरकी आणखी वाढते आणि चेंडू आणखीच उजवीकडे जातो. ज्या संकटापासून तो पळत असतो, त्याच्याच दिशेनें त्याचे पाय पडत असतात. दुसरा एक प्रकार असा कीं चेंडू वर उडावा म्हणून माणूस त्याला उचलावयास जातो. वस्तुतः चेंडू उडविण्याचें काम काठीच्या तोंडाच्या कलाकडे सोंपविलेलें आहे. पण त्यावर विश्वास नसल्यानें खेळाडू मागच्या पायावर रेलतो, आणि चेंडूच्या डोक्यावर काठी घासून तो पायांपुढें घरंगळत जातो. या दोन्ही उदाहरणांत हाताचा दोष दिसतो खरा. पण हाताला तो शिकविणारें मनच आहे.

मग लक्ष द्यावें तरी कोठें? नवशिक्याला गुरु सांगतो, “डोकें स्थिर ठेव, डावा हात सरळ ठेव, गुडघा किंचित् वांकव, खांदा वळव.” शिकतांना हें योग्यच आहे. बाराखडी गिरविणाऱ्या मुलानें प्रत्येक अक्षराचें वळण पाहिलेंच पाहिजे. पण तेंच मूल मोठें होऊन पत्र लिहूं लागलें असतां प्रत्येक अक्षराची गांठ कशी वळते याचा विचार करूं लागलें, तर पत्रहि बिघडेल आणि अक्षरहि. गॅब्रिएले वुल्फ या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं गॉल्फ कधींहि न खेळलेल्या माणसांचे दोन गट केले. एका गटानें आपल्या बाहूंच्या हालचालीकडे लक्ष द्यावयाचें, दुसऱ्यानें काठीच्या हेलकाव्याकडे. काठीकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू लक्ष्याच्या अधिक जवळ पडले. अंतर फार थोडें, बाहूपासून काठीपर्यंतचें. पण मन स्वतःच्या देहावरून उठून बाहेर गेलें, एवढ्यानेंच काम सुधारलें. पुढें सियन बायलॉक आणि त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें, कीं कसलेल्या खेळाडूला आपल्या क्रियेकडे बारकाईनें पाहावयास लाविलें तर तो बिघडतो; उलट कानावर पडणाऱ्या ध्वनींकडे लक्ष ठेवण्याचें किरकोळ काम दिलें तर तो अधिक नीट मारतो. नवशिक्याची गोष्ट याहून वेगळी. त्याला सावकाशी आणि अवधान यांची गरज असते. म्हणजे एकच उपदेश सर्वांना लागू नाहीं. जें अजून आलेलें नाहीं त्याचा विचार करावा. जें आलेलें आहे त्याला विचारानें त्रास देऊं नये.

हें न जमल्यास काय होतें, याचें एक करुण उदाहरण क्रीडेच्या इतिहासांत नोंदलेलें आहे. इयन बेकर-फिंच हा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांतील खेळाडू. १९९१ सालीं रॉयल बर्कडेल येथें त्यानें ओपन स्पर्धा जिंकली. शेवटच्या दोन दिवसांचे त्याचे आंकडे ६४ आणि ६६ होते. जगांतील श्रेष्ठ खेळाडू पाहत राहिले. त्याचा हलका हात आणि खळग्याजवळचा खेळ यांची तारीफ होत असे. त्याची उणीव म्हणजे त्याचा टोला फार लांब जात नसे. विजयानंतर ती उणीव भरून काढण्याच्या मागें तो लागला. अधिक अंतरासाठीं त्यानें आपल्या फटक्याची घडण बदलण्याचा यत्न केला, आणि जें सहज होतें तें हळू हळू हातांतून निसटूं लागलें. चमत्कार असा, कीं सरावाच्या मैदानावर तो उत्तम मारी. सामन्याच्या पहिल्या टीवर उभा राहिला कीं चेंडू कोठें जाईल याचा भरंवसा राहत नसे.

१९९५ सालच्या जुलैंत ओपन स्पर्धा सेंट अँड्रूज येथें होती. तेथील पहिल्या आणि अठराव्या होलांचे पट्टे एकमेकांस लागून आहेत व त्यांची मिळून रुंदी शंभर यार्डांहून बरीच अधिक आहे. जगांत याहून रुंद पट्टा पहिल्या टोल्यासाठीं क्वचितच मिळेल. बेकर-फिंचबरोबर त्या दिवशीं खेळत होता तो आर्नोल्ड पामर. त्या वयोवृद्ध खेळाडूची ती शेवटची ओपन स्पर्धा, म्हणून प्रेक्षकांची दाटी झालेली. बेकर-फिंचनें ड्रायव्हर फिरविला, चेंडू डावीकडे वळत वळत तो सारा विस्तीर्ण पट्टा ओलांडून हद्दीबाहेर गेला. पुढें दोन वर्षांनीं, १९९७ सालीं, रॉयल ट्रून येथें त्यानें ओपनच्या पहिल्या फेरींत ९२ टोले घेतले. ज्या मैदानाचा ठराविक आंकडा ७१, तेथें हे ९२. त्यानंतर तो स्पर्धेंतून बाहेर पडला, आणि सक्रिय स्पर्धांनाच त्यानें रामराम ठोकला. त्याचे हात तेच होते, खांदे तेच होते. वय अवघें छत्तिसांचें. सरावांत त्याच्या अंगीं असलेली विद्या सामन्यांत त्याला पारखी झाली होती. आपल्या विद्येवरचा विश्वास एकदां उडाला म्हणजे विद्या जागच्या जागीं असूनहि मनुष्य निर्धन होतो, हें त्या ९२ टोल्यांनीं जगाला दाखविलें. तो नंतर दूरचित्रवाणीवर समालोचक म्हणून नांवारूपाला आला. इतरांच्या टोल्यांविषयीं तो शांतपणें आणि सहानुभूतीनें बोले.

यावरून ड्रायव्हरला हातच लावूं नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोहि चूक. हा टोला मोलाचा आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनीं व्यावसायिक खेळाडूंच्या असंख्य टोल्यांची मोजदाद करून २०१४ सालीं एक ग्रंथ लिहिला. श्रेष्ठ खेळाडू व सामान्य खेळाडू यांच्यांत जें अंतर पडतें त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांच्या पलीकडून मारलेल्या लांब टोल्यांमुळें पडतो, असें त्यांत दाखविलें आहे. तेव्हां भीतीनें काठी पिशवींत ठेवणें म्हणजे शहाणपण नव्हे. शहाणपण आहे तें ठरविण्यांत.

जॅक निक्लॉस याचे दोन प्रसंग या बाबतींत शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९६६ सालीं म्यूरफील्ड येथें पट्टे अरुंद आणि कडेचें गवत भयंकर वाढलेलें होतें. निक्लॉस त्या काळचा लांबवर मारणारा वीर. पण चार दिवसांत त्यानें ड्रायव्हर अवघा सतरा वेळां काढला, आणि स्पर्धा जिंकली. चार वर्षांनीं, १९७० सालीं, सेंट अँड्रूज येथें डग सँडर्सशीं त्याची निर्णायक फेरी चालली होती. आदल्या दिवशीं सँडर्सनें तीन फुटांच्या आंतबाहेरचा एक सोपा चेंडू चुकविला नसता तर ही फेरी झालीच नसती. शेवटच्या होलाशीं निक्लॉस एका टोल्यानें पुढें होता. होल साडेतीनशें यार्डांहून थोडा लांब, वारा पाठीचा. निक्लॉसनें अंगांतील स्वेटर काढून ठेवला, ड्रायव्हर घेतला, आणि चेंडू थेट हिरवळ ओलांडून तिच्या मागें नेला. तेथून दोन टोल्यांत तो खळग्यांत गेला. स्पर्धा एका टोल्यानें त्याची झाली. एकदां काठी न काढण्यांत धैर्य होतें, एकदां काढण्यांत. दोन्ही वेळां निर्णय पुरता झालेला होता. अर्धामुर्धा निर्णय घेऊन मारलेला टोला, ‘जोरानें तर मारूं, पण जरा जपून’, असा टोला हाच सर्वांत धोक्याचा. कारण त्यांत शरीराला एकाच वेळीं दोन हुकूम सुटतात.

पामरचेंहि एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६० सालीं कोलोरॅडोंतील चेरी हिल्स येथें अमेरिकन ओपन स्पर्धेचा पहिला होल ३४६ यार्डांचा होता. पहिल्या दिवशीं तो एकाच टोल्यांत गांठण्याच्या नादांत पामरचा चेंडू ओढ्यांत गेला आणि त्याला सहा टोले पडले. शेवटच्या फेरीच्या आरंभीं तो सात टोल्यांनीं मागें होता. त्यानें पुन्हां तीच काठी घेतली आणि तोच टोला मारला. चेंडू हिरवळीवर पोहोंचला. ती फेरी त्यानें ६५ टोल्यांत संपविली व स्पर्धा जिंकली. पहिल्या दिवशींच्या ओढ्याचें पाणी त्यानें मनांत सांठवून ठेवलें नव्हतें, हा या गोष्टींतील घेण्यासारखा भाग.

याच्या उलट बाजूस लोक १९९९ सालचें कार्नूस्टी दाखवितात. फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्द शेवटच्या होलाशीं तीन टोल्यांनीं पुढें होता. सहा टोल्यांत होल संपविला तरी विजय त्याचाच. त्यानें ड्रायव्हर घेतला. चेंडू फार उजवीकडे गेला, पण सुदैवानें खेळतां येण्याजोग्या जागीं राहिला. पुढचा टोला हिरवळीकडे मारला तो प्रेक्षकांच्या मचाणावर आदळून मागें उसळला व उंच गवतांत पडला. तिसरा बॅरी बर्न नांवाच्या ओढ्यांत. बूटमोजे काढून पाण्यांत उभा राहिलेला तो खेळाडू जगानें पाहिला. अखेर सात टोले झाले, तिघांत पुन्हां फेरी झाली आणि पॉल लॉरी विजयी झाला. या प्रसंगांत ड्रायव्हरलाच दोष देण्याची रीत पडली आहे. ती न्यायाची नव्हे. ड्रायव्हरनें मारलेला चेंडू वांचला होता. वांचल्यानंतर परिस्थिति नवी झाली होती आणि नव्या परिस्थितीला नवा निर्णय हवा होता. लांब टोल्याची धुंदी पुढच्या टोल्यांतहि राहिली, तर पहिल्या टोल्याचें दैव दुसऱ्याला पुरत नाहीं.

निर्णय झाल्यावर मनाला काय द्यावें? रिकामें मन भीतीला आयतेंच घर होतें, म्हणून त्याला कांहींतरी द्यावें लागतें. निक्लॉसनें १९७४ सालच्या आपल्या पुस्तकांत स्वतःची पद्धत सांगितली आहे. चेंडू शेवटीं जेथें थांबावयाचा ती जागा तो प्रथम मनश्चक्षूंपुढें आणी. मग तेथपर्यंतचा चेंडूचा मार्ग, त्याचें वळण, त्याचें उतरणें. आणि सर्वांच्या शेवटीं तो टोला मारणारा स्वतः. चित्र उलट्या क्रमानें येई, शेवटाकडून आरंभाकडे. शिवाय चेंडूच्या पुढें हातभर अंतरावर, लक्ष्याच्या रेषेंत, एकादी गवताची काडी किंवा डाग तो हेरून ठेवी. दूरचें लक्ष्य अंधुक वाटलें तरी ही जवळची खूण हातची असे. यांत गूढ कांहीं नाहीं. ‘उजवीकडे नको’ या नकाराच्या जागीं ‘त्या झाडाच्या शेंड्याकडे’ ही होकारार्थी आज्ञा बसते. मनाच्या पहारेकऱ्याला आतां चोर शोधावयाचा नसतो, पाहुण्याला वाट दाखवावयाची असते.

यासाठीं बहुतेक जाणते खेळाडू टोल्यापूर्वींचा एक नेम पाळतात. चेंडूच्या मागें उभें राहून लक्ष्य निवडावें. ‘तिकडे कोठेंतरी’ असें नव्हे, तर एकच झाड, एकच खिडकी, एकच कंगोरा. काठी एकदां सैल हातानें फिरवून पाहावी. श्वास पूर्ण सोडावा. श्वास सोडतांना खांदे आपोआप उतरतात. मग चेंडूशेजारीं यावें, मूठ पक्षी धरल्याप्रमाणें धरावी, कीं तो उडूं नये आणि गुदमरूंहि नये. लक्ष्याकडे एकदां पाहावें आणि मारावें. शेवटच्या दृष्टिक्षेपानंतर फार वेळ चेंडूकडे टक लावून उभें राहूं नये. त्या स्तब्धतेंतच शंका जन्मते. २०१९ पासून लागू झालेल्या नियमांतहि, खेळण्याची पाळी आल्यावर चाळीस सेकंदांच्या आंत टोला मारावा अशी शिफारस आहे. आणि मन दुसऱ्या कशांत रमलें म्हणजे शंका आली, तर पुढें रेटूं नये. मागें सरून आरंभापासून सुरुवात करावी. यांत लाज नाहीं. लाज आहे ती शंकेसकट मारण्यांत.

जोराविषयींहि एक शब्द अवश्य आहे. लांब मारावयाचें म्हणून अंगांतील सारें बळ एकवटणें हा नवशिक्यांचा हमखास प्रमाद. वेग हा ताठलेल्या स्नायूंतून येत नाहीं; कंबर, खांदे, बाहू, मनगट अशा क्रमानें एकाची गति दुसऱ्याला मिळत जाते तेव्हां तो येतो. चाबकाचा आवाज निघतो तो त्याच्या टोंकाशीं, मुठीशीं नव्हे. क्रम चुकला कीं बळ वाढलें तरी वेग घटतो. म्हणून लांब आणि अरुंद होल पाहून ज्याचा हात अधिक सैल होतो तोच खरा जाणता.

शेवटीं, टोला मारून झाल्यावरचें मन. सत्तर टोल्यांच्या फेरींत प्रत्येक टोल्याला दीड सेकंद धरला तर प्रत्यक्ष मारण्याचा वेळ दोन मिनिटांहूनहि कमी भरतो. फेरी मात्र सुमारें चार तास चालते. उरलेला सारा वेळ चालण्याचा, आणि चालतांना आठवण्याचा. वाईट टोल्याची उजळणी करीत चालणारा मनुष्य तो टोला पुनःपुन्हां मारीत असतो, आणि सरावानें काय पक्कें होतें हें सांगावयास नको. चूक समजून घ्यावी, ती सरावाच्या मैदानासाठीं राखून ठेवावी, आणि उरलेल्या वाटेंत झाडें पाहावींत, सोबत्याशीं बोलावें. चांगल्या टोल्याची आठवण मात्र जपावी. ऐन वेळीं मनापुढें चित्र उभें करावयाचें तर तें त्याच सांठ्यांतून येतें.

मनाचा इतका महिमा सांगितल्यावर कोणी म्हणेल, कीं सरावाच्या अभावावर हें पांघरूण आहे. शंका रास्त आहे. मन हाताला नवीन कला देऊं शकत नाहीं. ज्यानें हजार टोले मारलेले नाहींत, त्यानें डोळे मिटून कितीहि सुंदर चित्र पाहिलें तरी चेंडू त्या चित्राप्रमाणें जाणार नाहीं. श्रमानें मिळविलेलें हिरावून घेण्याचें सामर्थ्य मात्र मनाच्या अंगीं पुरेपूर आहे, आणि तें किती घेऊं शकतें हें बेकर-फिंचच्या कहाणींत आपण पाहिलें. म्हणून सरावानें हाताला शिकवावें, आणि हात शिकला आहे हें मान्य करावयास मनाला शिकवावें. यांतील दुसरा धडा अधिक कठीण. मुलाला वर्षभर अभ्यास करावयास लावून परीक्षेच्या सकाळीं दाराशीं दहा सूचना देणाऱ्या आईबापांनीं तो विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. त्या घटकेला एक आश्वासक दृष्टि पुरे असते. सूचनांची वेळ आदल्या रात्रींच संपलेली असते.